तासभर थांबू का

"आक्का, तूच सांग ह्याला. आता घेतलं तर जानेवारीत डोकं धरून बसंल," अतीक म्हणाला आणि त्यानं कडक भाकरीचा तुकडा कडकन मोडला.

"तिला काय इचारतोस? तिला तुझं लाल न माझं हिरवं, दोनी सारखंच," बसू म्हणाला.

"सारखंच हाय की. दोनी बी तू घेत न्हाईस," मी जिन्याखालून म्हणाले.

अतीक इतका हसला की त्याला ठसका लागला. मी पाण्याचा तांब्या वर नेऊन दिला.

बसू माझा धाकटा भाऊ. बेचाळीस वर्षांचा. मी त्याला तम्मा म्हणते. अतीक त्याचा पॉलिटेक्निकपासूनचा दोस्त, सोलापुरात सात रस्त्याला त्याचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. दर रविवारी सकाळी तो बाळीवेशीत आमच्या घरी यायचा, माडीवरच्या पत्र्याच्या खोलीत बसायचा आणि दोघांचं सुरू व्हायचं. लाल का हिरवं. आता का नंतर. मी खाली चुलीपाशी भाकऱ्या थापत ऐकायची. कडक भाकरी न शेंगाचटणी करून दुकानांना देते मी. नवरा गेल्यावर माहेरी परत आले, तेव्हापासूनचं माझं काम ते.

पहिल्यांदा मला वाटलं होतं, हे निवडणुकीचं बोलायलेत. मग कळलं की कॉम्प्युटरच्या पोटात चित्रं काढणारं एक कार्ड असतं, ग्राफिक कार्ड. विटेएवढं जाड, पंखे लावलेलं. ते करणाऱ्या दोन कंपन्या. एकीचा खोका हिरवा, दुसरीचा लाल. बसूकडचं कार्ड सात वर्षांचं म्हातारं होतं.

"लाल घे," अतीक म्हणायचा. "तेवढ्याच पैशात मेमरी जास्ती. तुला मेमरीच पायजे ना?"

"माझं सॉफ्टवेअर लालला ओळखत न्हाई."

"ओळखंल की पुढच्या व्हर्जनला."

"तू गेल्या वर्षी बी हेच बोललास."

"मग हिरवं घे. पण थांबून घे. नवी सिरीज येऊ दे, जुनीचा भाव पडतो का न्हाई बघ. मी दुकानदार हाय, मीच थांब म्हणायलोय, म्हणजे बघ की."

हे खरं होतं. अतीकनं मनात आणलं असतं तर कधीच एक खोका बसूच्या गळ्यात मारला असता. पण दोस्ताला वर्षभरात पस्तावायला लागेल अशी वस्तू तो विकायला तयार नव्हता. आणि बसूला तर जन्मापासून थांबायची सवय. तो पोटात असतानाही अव्वाला, आमच्या आईला, दहावा महिना लागला होता.

बसू घरं काढायचा. बांधलेली नव्हे, बांधायची. बिल्डर लोक नकाशा आणून द्यायचे, आणि बसू त्यातून इमारत उभी करायचा, रंग द्यायचा, दारात झाड लावायचा, आणि मग आपण चालत आत गेल्यासारखा सगळा सिनेमा करायचा. वैरागहून एकदा त्याला बघायला पाहुणे आले होते. मुलीच्या वडिलांनी विचारलं, नेमकं काय करता? बसूनं त्यांना वर नेऊन एक घर दाखवलं. ते खूष झाले. म्हणाले, कुठं हाय हे? बसू म्हणाला, अजून बांधलं न्हाई. ते खाली आले, चहा घेतला आणि गेले. परत निरोप नाही. मायाक्का शेजारीण म्हणाली, आरं, निदान जुळे सोलापूर भागात हाय म्हणून तरी सांगायचं. बसू म्हणाला, मग बघायला गेले असते की.

तो खोटं काढायचा नाही, हे मला सांगायचंय. उन्हाचं तर त्याचं फार होतं. सोलापूरचं ऊन कुठल्या महिन्यात कुठल्या भिंतीवर किती वाजता पडतं, ते तो मोजून घालायचा. एका बिल्डरनं सांगितलं, त्या उत्तरेच्या गॅलरीत जरा ऊन टाका, छान दिसतं. बसूनं टाकलं नाही. म्हणाला, तिथं राहायला येणारी बाई डिसेंबरात धुणं वाळत घालंल की, आणि मला शिव्या देईल.

पण एवढं सगळं ते म्हातारं कार्ड पेलायचं नाही. चित्र मोठं झालं की पडदा काळा. एप्रिलमध्ये पत्रा असा तापायचा की खालच्या खोलीतही चटका जाणवायचा. बसू कॉम्प्युटरचं एक अंग उघडं ठेवून त्याच्यापुढं टेबलफॅन लावायचा, स्वतः ओला टॉवेल डोक्यावर घेऊन बसायचा. चार-चार तासांचं काम पडदा काळा झाला की जायचं. त्या वेळी वरून काही आवाज यायचा नाही. शिवी नाही, आदळआपट नाही. नुसता खुर्चीचा कुरकुर आवाज, मग परत सुरुवात. मला ती शांतता सोसायची नाही.

मी सकाळी इष्टलिंगाची पूजा झाल्याशिवाय पाणी पीत नाही. दीक्षा झाल्यापासून एक दिवस चुकला नाही. सोमवार धरते. बसूसाठी काय करता येईल असं मनात आलं तेव्हा मला तेवढंच येत होतं, म्हणून एका सोमवारी मल्लिकार्जुनाच्या देवळात बोलून आले की तम्माचं कार्ड येईपर्यंत चहात साखर घालणार नाही. बसूला सांगितलं नाही. त्याला चौथ्या दिवशी कळलं, कारण डब्यातली साखर कमी होईना.

"कार्डासाठी? आक्का, देवाला काय म्हायती कार्ड कसलं?"

"तुला पायजे एवढं म्हायती हाय. बास."

तीन वर्षं बिनसाखरेचा चहा प्याले. पहिल्या वर्षी भाव चढलेले होते, उतरू दे म्हणाले दोघं. उतरले तेव्हा नवी सिरीज येणार होती. नवी आली ती मिळेना, आणि मिळाली तेव्हा तिच्या तारेचा जोड तापून वितळतो म्हणून कुणीतरी अमेरिकेतून ओरडत होतं. अतीक म्हणाला, कळू दे काय ते. मग लालवाल्यांचं नवं येणार. लालचं आलं की हिरवा भाव पाडंल. हिरव्यानं पाडला नाही. रविवारमागून रविवार गेले. अतीकची मुलगी दहावी होऊन बारावीला गेली.

"तुमी दोगं म्हातारे व्हाल आन् माडीवर लाल-हिरवंच करत बसाल," मी एकदा म्हणाले.

अतीक म्हणाला, "आक्का, तवा तर लई भारी कार्ड आलेलं असंल."

मग तिसऱ्या वर्षी श्रावणात काम आलं. अक्कलकोट रस्त्याला अकरा इमारतींची वसाहत होणार होती. बसूनं आयुष्यात केलं नव्हतं एवढं मोठं काम. कोजागिरीला बुकिंग उघडायचं, त्या दिवशी मंडपात सिनेमा दाखवायचा, अशी बिल्डरची अट. हे जमलं तर पुढच्या सगळ्या वसाहती तुमच्याच, असं तो बोलला होता. नाही जमलं तर पुण्याची माणसं तयार होती.

बसूनं अकरा इमारती जमवल्या. नुसते सांगाडे. रंग, झाडं, ऊन घालायला गेला की पडदा काळा. एके दुपारी भाकरी घेऊन वर गेले तर पडद्यावर एक गॅलरी होती, चौथ्या मजल्यावरची. तिथं इरकल नेसलेली एक बाई पाठमोरी उभी.

"ही कोण?"

"कोणतरी. माणूस घातल्याशिवाय घर मोठं का बारकं कळत न्हाई."

तिच्या पदराची डावी बाजू कमरेला खोचलेली होती. मी तशीच खोचते. मी भाकरी ठेवून खाली आले.

त्या रविवारी अतीक आला तो बसलाच नाही. उभ्या उभ्या म्हणाला, "बसू, आता घ्यायचं. हिरवंच, मोठं, चोवीस जीबीवालं. थांबायचं न्हाई."

बसू बघतच राहिला. "तू बोलायलास हे?"

"मीच बोलायलो. मेमरीचा भाव वर चाललाय, मोठ्या कंपन्या सगळा माल उचलायल्यात. आता थांबून खाली येणार न्हाई. तीन वर्सं मी थांब म्हणलो, ते चुकलं म्हण पायजे तर."

"न्हाई चुकलं," बसू म्हणाला. "त्या त्या वेळी बरोबर होतं की."

सोलापुरात ते मिळेना. अतीकनं हैदराबादहून मागवलं. येता येता दसरा उजाडला. खंडेनवमीला मी घरातली हत्यारं मांडली होती. माझा तवा, परात, विळी, बसूचा की-बोर्ड न माऊस. दसऱ्याला दुपारी दोनच्या सुमाराला अतीक स्कूटरवरून आला. खोका त्यानं पोटाशी धरला होता. शाइस्तानं, त्याच्या बायकोनं, माझ्यासाठी शेवंतीचा गजरा पाठवला होता.

"आक्का, घे. तुझी साखर आली," तो म्हणाला. म्हणजे त्यालाही माहीत होतं.

बसूनं खोका उघडला. तीन पंख्यांचं, काळंभोर, जड. त्यानं ते दोन्ही हातांनी बाहेर काढलं, आणि मी आमच्या घरात कुणाला मूल उचलून घेताना पाहिलं असेल, तर ते तसं. अतीकला दुकानात दसऱ्याच्या पूजेची माणसं येणार होती, तो लगेच गेला. बसू अंघोळीला गेला. जाताना कार्ड माझ्यापुढं पाटावर ठेवून गेला.

मी हातावर पाणी घेतलं, विभूतीची गट्टी त्यात उगाळली, आणि तीन बोटांनी कार्डाच्या पाठीवर तीन रेघा ओढल्या. पाठीला काळा पत्रा होता. त्याला एका कडेला जाळीसारखी भोकं. बोटं तिथवर गेली. मनात नमः शिवाय चाललं होतं, आणि तीन वर्षं वाट बघून हे घरात आलं होतं, म्हणून मी परत पाणी घेतलं, परत ओढल्या. बेलाच्या पानानं तीर्थ शिंपडलं. शेवंतीचं एक फूल ठेवलं. रेघा आधी दिसत नव्हत्या, मग हळूहळू वाळून पांढऱ्या उमटल्या.

बसू केस पुसत आला. वाकून बघितलं, फूल काढून माझ्या हातात दिलं, रेघेला बोट लावलं.

"तासभर थांबू का, आक्का? जरा हवेला ठेवतो."

"वाळली की ती. बघ, पांढरी झाली."

"तरी पण."

पंचांगात विजय मुहूर्त दोनपासून पावणेतीनपर्यंत होता. घड्याळात अडीच वाजून गेले होते. आणि मी तीन वर्षं जिन्याखाली बसून 'थांब' हा शब्द ऐकला होता.

"तम्मा, तीन वर्सं थांबलास. आता मुहूर्त चाललाय. आता नको थांबू. चढव."

तो हसला. माझ्या पाया पडला आणि वर गेला.

मी चहा टाकला. त्यात साखर घातली, दोन चमचे. कप घेऊन उंबऱ्यावर बसले. दोन घोट झाले असतील. वरून एक बारीक आवाज आला, काडी मोडल्यासारखा. मग वास आला. उदबत्तीचा नव्हे.

मी वर गेले तेव्हा बसूनं बटण बंद केलं होतं. पडदा काळा होता. तो खुर्चीत बसला होता आणि खुर्ची कुरकुरतही नव्हती.

"काय झालं?"

त्यानं माझ्याकडं बघितलं. 

"पीसच खराब आला," तो म्हणाला. "होतं कधीकधी."

नंतरचं लवकर सांगते. कंपनीनं कार्ड बदलून दिलं नाही. का, ते बसूनं मला नीट सांगितलं नाही. दुसरं घ्यायला जवळ काही उरलं नव्हतं. जुनं कार्ड परत चढवून त्यानं पाच दिवस काम केलं, एक-एक इमारत वेगळी काढून. कोजागिरीपर्यंत दोन झाल्या. त्या दोन इमारतींचं ऊन अगदी बरोबर होतं. बिल्डरनं काम पुण्याला दिलं, बुकिंग दिवाळीवर नेलं. पण माणूस कामाचा आहे म्हणून बसूला तिथंच साइटवरच्या ऑफिसात घेतलं. निळा शर्ट, गळ्यात ओळखपत्र. आलेल्या गिऱ्हाइकांना टीव्हीवर पुण्याचा सिनेमा दाखवायचा आणि नमुन्याचा फ्लॅट फिरवून आणायचा.

"कसा हाय सिनेमा?" मी विचारलं.

"चांगला हाय. मोठ्या मशिनीवर केलेला कळतो." मग थोड्या वेळानं, भाकरी मोडता मोडता, "उत्तरेच्या गॅलरीत ऊन घातलंय."

"मग तू काय सांगतोस लोकांना?"

"इचारलं तर सांगतो, न्हाई येत म्हणून. बहुतेक कोण इचारत न्हाई."

माडीवर जाणं त्यानं सोडलं. रविवारी ऑफिस सुरूच असायचं, त्यामुळं अतीकही यायचा बंद झाला. कधी वाटेत भेटला की मी टोचून बोलायची. तीन वर्सं थांबवलंस न शेवटी जळका माल दिलास. तुझ्या दुकानात पोरं शिकाऊ असतील तर निदान घरच्याला तरी तपासून द्यायचं. तो खाली बघायचा. "व्हय आक्का, माझंच चुकलं," म्हणायचा. एकदा मायाक्कासमोर बोलले, तेव्हाही हेच म्हणाला. मला वाटायचं, चोर बोलणार तरी काय.

वैशाखात सात रस्त्याला भाकऱ्या पोचवायला गेले होते. उन्हानं डोळ्यांपुढं अंधारी आली म्हणून नाइलाजानं त्याच्या दुकानात बसले. त्यानं पंखा माझ्याकडं वळवला, पाणी आणायला स्वतः बाहेर गेला. टेबलावर विस्कटलेल्या तारांत, स्क्रू ठेवलेल्या वाटीशेजारी एक कार्ड उघडं पडलं होतं. तीन पंखे बाजूला काढलेले. पाठीचा काळा पत्राही काढलेला, उलटा ठेवलेला.

पत्र्याच्या आतल्या अंगाला पांढरे ओघळ होते. भोकांतून आत उतरलेले. खालच्या पाटीवर ते बारीक बारीक पायांच्या घटकांमधून पसरले होते, आणि एके ठिकाणी, जिथं सगळे एकत्र आले होते, तिथं काळं झालं होतं. मी बोट लावलं. बोटाला पांढरं लागलं. ती पूड मी ओळखते. पन्नास वर्षं रोज कपाळाला लावते.

अतीक पाण्याची बाटली घेऊन दारात उभा होता.

"आक्का, ते दुसऱ्याचं हाय," तो म्हणाला.

मी बोट दाखवलं.

तो खाली बसला. "बसूनं शपथ घातलेली. आक्काला कळू द्यायचं न्हाई म्हणून. मी रिकाम्या वेळात दुरुस्त करायला बघतो, पण... ते व्हायचं न्हाई. कंपनीवाल्यानं बी उघडून बघितल्या बघितल्या सांगितलं, पाणी गेलंय."

"मी तुला काय काय बोलले."

"बोललीस की. आक्का हायस, बोलणारच." त्यानं बाटलीचं झाकण उघडून माझ्यापुढं धरली. "पाणी पी आधी. ऊन लई हाय."

घरी आले. बसूला काही बोलले नाही. काय बोलायचं? त्यानं एवढ्या जपून जे झाकलं होतं, ते उघडून मी त्याच्या हातात काय देणार होते? सकाळी पूजेला बसले तेव्हा गट्टी पाण्यात उगाळताना हात थांबला. पूजा चुकवली नाही. देवाचा यात काही दोष नव्हता, मुहूर्ताचाही नव्हता. तम्मानं तासभर मागितला होता, आणि तो माझ्याकडं मागितला होता. तेवढाच मी दिला नाही.

चहात साखर घालणं सोडलं. या वेळी देवळात जाऊन बोलले नाही. मागायला काही नव्हतं.

परत दसरा आला. साइटवर सकाळी मोठी पूजा होती, बसू तिथून दुपारी घरी आला. मी तवा, परात, विळी मांडून बसले होते. त्यानं पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि पाटावर माझ्या तव्याशेजारी ठेवलं. कागद सोडला. कार्ड होतं. पंखे, पाठीचा पत्रा, सगळं परत जोडलेलं, पुसून स्वच्छ केलेलं.

"अतीककडनं आणलं," तो म्हणाला. "लाव की आक्का."

मी त्याच्याकडं बघितलं. "अतीक बोलला तुला?"

"न्हाई. तो कशाला बोलतोय. वैशाखापासनं साखरेचा डबा भरलेलाच हाय."

मला वर बघवेना. विभूतीची गट्टी उचलली आणि कोरडीच घासली. तीन बोटं फिरवली. काळ्या पत्र्यावर कोरडी विभूती ठरेना. पाटावर सांडली.

बसू शेजारी मांडी घालून बसला. निळ्या शर्टाची बाही त्यानं वर सारली, तांब्या उचलला, माझा डावा हात हातात घेऊन तळव्यावर पाणी ओतलं.

"घे की पाणी. आता त्याला काय व्हायचंय."

मी विभूती उगाळली. तीन रेघा ओढल्या, भोकांपासून लांब, पत्र्याच्या मधोमध. बेलाचं पान ठेवलं. ओल्या रेघा काळ्यावर दिसत नव्हत्या.

मी पाट उचलायला गेले तर त्यानं माझ्या मनगटावर हात ठेवला.

"राहू दे. वाळू दे जरा."

गल्लीत पोरं सोनं वाटत पळत होती. माडीवरचा पत्रा उन्हानं तडतडत होता. आम्ही दोघं पाटापुढं तसेच बसून राहिलो, आणि रेघा एकेक करून पांढऱ्या होत गेल्या.